एन. डी. पाटील सर आपले कुठले आमदार होते?

शहापूरकर_बेळगाव

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकतो. परवा आमच्या गल्लीतल्या एका पोरानं, बी.कॉम.ला आहे, हुशार पोरगा, मला विचारलं की काका, एन. डी. पाटील म्हंजे आपले कुठले आमदार, उत्तरचे का दक्षिणचे? मला दोन मिनिटं काय बोलावं तेच सुचलं नाही. राग नाही आला, वाईट वाटलं. ह्या पोरांना कोण सांगणार, आम्हीच नाही सांगितलं तर.

तर बाळा, आणि तुझ्यासारखी अजून जी कोण पोरं हे वाचूलाल्यात त्यांच्यासाठी, एन. डी. सर बेळगावचे आमदार कधीच नव्हते. ना उत्तरचे, ना दक्षिणचे, ना उचगावचे, ना खानापूरचे. कर्नाटक विधानसभेची पायरी ते कधी निवडून येऊन चढले नाहीत. ते महाराष्ट्राचे आमदार. १५ जुलै १९२९ चा जन्म, गाव ढवळी, तालुका वाळवा, सांगली जिल्हा. शेतकऱ्याचं घर. अर्थशास्त्रात एम.ए., नंतर एलएल.बी., साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजात प्रोफेसर, कर्मवीर भाऊराव अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेत तयार झालेला माणूस. १९४८ पासून शेकापमध्ये, म्हंजे शेतकरी कामगार पक्षात, म्हंजे पक्ष नुकताच उभा राहिलेला तेव्हापासून, आणि शेवटपर्यंत त्याच पक्षात. लाल बावटा एकदा धरला तो धरला. विधान परिषदेत तीन टर्म मिळून १८ वर्षं, १९७८ ते ८० शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारात सहकार मंत्री, आणि १९८५ ते ९० कोल्हापूरचे विधानसभेतले आमदार. एवढी त्यांची पदं. बघायला गेलं तर फार मोठी यादी नाही. आजकाल एखाद्या टर्मचा आमदार पण ह्याच्यापेक्षा मोठं बॅनर लावतो.

पण आपल्याकडं त्यांचं नाव घेतलं की म्हातारी माणसं खुर्ची सोडून उभी राहायची, हे मी डोळ्यानं बघितलंय. कारण बेळगावात त्यांचं एक मत नव्हतं. एक पण नाही. इथं येऊन त्यांना काय मिळणार होतं? आणि तरी सीमाप्रश्न, म्हंजे बेळगावसकट कर्नाटकातला मराठी भाग महाराष्ट्रात जावा ही आपली मागणी, म्हटला की एन. डी. सर असणारच, सभा असू दे, मुंबईतली मीटिंग असू दे नाहीतर सुप्रीम कोर्टाच्या दाव्याचे कागद असू देत. महाराष्ट्र सरकारच्या सीमाप्रश्न तज्ज्ञ समितीचे ते अध्यक्ष होते.

आणि गेले कधी? १७ जानेवारी २०२२. बेळगावच्या माणसाला ह्या तारखेचं वेगळं सांगायला नको. १७ जानेवारी १९५६ ला इथं गोळीबार झाला, मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, महादेव बारीगडी, लक्ष्मण गावडे गेले, तिकडं निपाणीत कमळाबाई मोहिते गेल्या. दरवर्षी आपण हुतात्मा चौकात जमतो तो हाच दिवस. त्या वर्षी कोरोनाची तिसरी लाट चालू होती, माणसं कमीच होती, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, मी फुलं वाहून घरी आलो, जेवायला बसलो आणि मोबाईलवर मेसेज आला, एन. डी. सर गेले. पहिल्यांदा वाटलं कुणीतरी जुना मेसेज फिरवला असेल. मग फोन यायला लागले. ताट तसंच राहिलं. आमच्या आईनं विचारलं काय झालं, मी म्हटलं एन. डी. गेले, तिनं एवढंच म्हटलं, आज गेले? आणि देवापुढं जाऊन बसली.

ज्यांच्याकडं आठवणी आहेत त्यांनी लिहा. पोरांनी प्रश्न विचारा. लाजू नका.

खानापूरचा

फार चांगला धागा काढलास दादा. मी खानापूर तालुक्यातला, माझं म्हणणं थोडं आपल्या घरातल्या भांडणाबद्दल आहे, कोणाला लागलं तर माफ करा पण बोलायलाच पाहिजे.

खानापूर मतदारसंघ १९५७ पासून समितीचा, म्हंजे आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा. एक नाही दोन नाही, पन्नास वर्षं इथून समितीचाच माणूस बेंगळूरला जायचा. पैसे कोणाकडं नव्हते, लोक घरची भाकरी बांधून प्रचाराला जायची. २००८ ला तो गड पडला आणि त्या वर्षी आख्ख्या सीमाभागातून समितीचा एक पण आमदार गेला नाही. २०१३ ला परत दोन आले, बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि आमच्या खानापुरातून अरविंद पाटील. वाटलं गाडी रुळावर आली. आणि २०१८ ला काय केलं आपण? समितीचे दोन गट, खानापुरात समितीचेच दोन उमेदवार एकमेकांसमोर. दोघांची मतं एकत्र केली तर निवडून आलेल्यापेक्षा जास्त भरत होती. त्यातले आमचे माजी आमदार नंतर भाजपात गेले. २०२३ ला पण शून्य.

एन. डी. सरांचं नाव ह्यात का आणतो, तर बघा, शेकाप महाराष्ट्रात दर निवडणुकीला लहान होत गेला, किती लोक सोडून गेले, ह्या माणसाला कोणी कुठंही मंत्री करून ठेवलं असतं, नातं पण केवढं मोठं, सरोजमाई म्हंजे शरद पवारांच्या सख्ख्या बहीण. तरी पक्ष सोडला नाही. आणि आमच्याकडं तिकीट नाही मिळालं की दुसऱ्या दिवशी गळ्यात दुसरा पंचा. माझ्या वडलांनी ५२ वर्षं एकाच चिन्हाकडं नाही, एकाच संघटनेकडं बघून मत टाकलं, कारण चिन्ह दरवेळी बदलायचं. २०१८ ला ते मतदान केंद्रातून बाहेर आले आणि घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

नवीन_मेंबर_टिळकवाडी

मी तो बी.कॉम.वाला नाही 🙏 पण मला पण हे काही माहीत नव्हतं. एक विचारू का, ही जी केस केस म्हणतात ती नक्की काय आहे? घरी विचारलं तर सगळे नुसते चिडतात, समजावून कोणी सांगत नाही.

शहापूरकर_बेळगाव

अगदी बरोबर विचारलंस बाळा. आमची पिढी चिडते कारण आम्ही थकलोय, तुझ्यावर नाही चिडत कोणी. वकीलकाका आहेत का ऑनलाईन, ते चांगलं सांगतील.

वकीलकाका

आहे आहे. सोपं करून सांगतो.

२९ मार्च २००४ ला महाराष्ट्र सरकारनं सुप्रीम कोर्टात मूळ दावा दाखल केला, घटनेच्या कलम १३१ खाली, कारण दोन राज्यांचं भांडण थेट तिथंच जातं. तेव्हा मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे होते. त्याच्या आधी जवळजवळ पन्नास वर्षं नुसती आंदोलनं, निवेदनं, दिल्लीच्या वाऱ्या. १९६६ ला सेनापती बापटांनी ह्या प्रश्नासाठी उपोषण केलं, मग महाजन आयोग नेमला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, त्यात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकाला द्यायची शिफारस आणि बेळगाव शहर कर्नाटकातच. महाराष्ट्रानं तो अहवाल नाकारला. तेव्हापासून कर्नाटक म्हणतंय महाजन अंतिम, आणि आपण म्हणतोय महाजननं तत्त्वच पाळलं नाही.

ते तत्त्व काय, हे कळलं की सगळं कळलं. चार गोष्टी आहेत. खेडं हा घटक धरायचा, भाषिक बहुसंख्या बघायची, भौगोलिक सलगता बघायची आणि लोकांची इच्छा बघायची. आंध्र आणि मद्रासच्या सीमेचा वाद पाटसकरांनी असाच सोडवला होता. आमचं म्हणणं एवढंच की जे तिकडं चाललं ते इकडं का नाही.

आता घटक म्हंजे काय ते बघ. तू कधी वेंगुर्ला रोडनं गेलास तर आधी बाची लागतं, मग शिनोळी. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. मधे काय आहे? काही नाही. तीच शेतं, तीच भाषा, लग्नं इकडून तिकडं. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, हे आजच्या पोरांना माहीतच नसतं. राज्य पुनर्रचनेत आख्खा चंदगड तालुका काढून तिकडं दिला आणि बाकीचा जिल्हा आहे तसा म्हैसूर राज्यात टाकला. म्हंजे हिशेब तालुक्याचा आणि जिल्ह्याचा झाला, गावाचा झालाच नाही. गाव धरून मोजणी केली असती तर बाचीला वेगळं उत्तर आलं असतं.

एन. डी. हे समजावून सांगायचे तेव्हा मी ज्युनियर वकील होतो, मागं उभा राहून ऐकलंय. मुळात मास्तर माणूस, त्यामुळं आधी पाया, मग भिंत, मग छप्पर, अशी मांडणी. टाळ्यांची वाक्यं फार नसायची. समोर बसलेला शेतकरी मान हलवायचा कारण त्याला कळत असायचं. कोर्टाची बाजू तयार करताना असाच माणूस लागतो, भाषण ठोकणारा चालत नाही.

पुढं १२ सप्टेंबर २०१४ ला कोर्टानं न्या. मनमोहन सरीन ह्यांना साक्षीपुरावे नोंदवायला नेमलं. मग कर्नाटकानं हा विषय कोर्टाच्या अखत्यारीत येतच नाही, संसदेचा आहे असा अर्ज घातला, आणि गाडी तिथं रुतली.

पीरनवाडी_१२३

माफ करा, पण मी वेगळं बोलणार. सगळं मान्य, माणूस मोठा होता, स्वच्छ होता. पण आम्हाला मिळालं काय? १९७८ ला ते स्वतः मंत्री होते, मेहुणे मुख्यमंत्री होते, तेव्हा का नाही झालं? २००४ ची केस, तारखेवर तारीख. माझं वय ३४, मी एका कारखान्यात सुपरवायझर आहे, माझी पोरगी इंग्लिश मिडियमला, कन्नड मस्त बोलते, तिला हे ओझं मी का देऊ? आमच्या गावात समितीचे बोर्ड लावणारे पुढारी, त्यांची पोरं पुण्यात सेटल. मला एन. डी. सरांबद्दल राग नाही, मला त्यांच्या नावावर वर्षातनं दोनदा जमून फोटो काढणाऱ्यांचा राग आहे.

मराठी_शाळेतली_बाई

पीरनवाडीच्या दादांना उत्तर द्यावं म्हणून लॉगिन केलं.

दादा, तुमची मुलगी कन्नड बोलते ह्याचा मला आनंदच आहे. मी पण बोलते. बाजारात, बसमधे, शेजारी, कन्नड येत नाही असं म्हणून बेळगावात कोण जगतं? प्रश्न तो नाही. १९८६ ला कन्नडसक्ती, म्हंजे कन्नड भाषेची सरकारी सक्ती, आली तेव्हा मी सहावीत होते. जूनमधे गोळीबार झाला, नऊ माणसं गेली, हिंडलग्याला स्मारक आहे, १ जूनला आम्ही अजून जातो. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा चुलता त्यात होता. ती आठ दिवसांनी शाळेत आली, वही उघडली आणि पहिल्या पानावर तारीख लिहून बसून राहिली, बाईंनी तिला त्या दिवशी काहीच विचारलं नाही. ती माणसं कन्नड भाषेच्या विरोधात नव्हती मेली. सक्तीच्या विरोधात मेली.

आता मी खानापूरच्या जंगलाकडच्या शाळेवर आहे. चौथीपर्यंत मिळून अकरा मुलं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की सात. मला भीती निवडणुकीची वाटत नाही, ह्या अकराची वाटते. अकराची सहा झाली की शाळा दुसऱ्या शाळेत घालतील, आणि ती दुसरी शाळा पाच किलोमीटरवर. एन. डी. सर रयतचे चेअरमन होते, १९९० ते २००८, खेड्यातली शाळा बंद पडू नये म्हणून आयुष्य घालवलेल्या संस्थेतला माणूस. म्हणून मला ते आपले वाटतात. आमदारकीमुळं नाही.

शहापूरकर_बेळगाव

बाई, नमस्कार तुम्हाला.

आणि पीरनवाडीच्या दादा, तुमचा प्रश्न खोटा नाही. १९७८ चं सरकार दीड वर्षात गेलं, १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झालं, आणि सहकार खातं हातात असलेला मंत्री राज्याची सीमा हलवू शकत नाही, ते दिल्लीच्या हातात. पण तुम्ही मेहुणे म्हटलात म्हणून सांगतो. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाचा करार पवारांच्याच सरकारनं केला, त्याच्याविरुद्ध रस्त्यावर कोण उतरलं? एन. डी. पाटील. रायगडात महामुंबई सेझसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घ्यायला निघाले, राज्यात सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं, पुढं उभं कोण? एन. डी. पाटील. पेण तालुक्यात २००८ ला गावागावांत जनमत घ्यायला लागलं सरकारला. घरात नातं आणि रस्त्यावर विरोध, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांचा मान राखलेला. असं आता कुठं बघायला मिळतं सांगा.

ओझं म्हणालात ते मात्र मनाला लागलं. मागच्या वर्षी वडलांच्या जमिनीच्या वाटणीसाठी मी एका ऑफिसात गेलो होतो, उतारा काढायला. उतारा मिळाला, कन्नडमधे. मला कन्नड बोलता येतं, वाचायला अडखळतो, त्यात ते सरकारी कन्नड. वडील ८१ वर्षांचे, त्यांच्या स्वतःच्या जमिनीचा कागद, त्यांनी तो हातात घेऊन उलटा केला, परत सुलटा केला, आणि काऊंटरवरच्या माणसाला म्हणाले, ह्यात माझं नाव कुठं आहे ते तेवढं बोटानं दाखवा. त्या माणसानं दाखवलं पण, चांगला होता बिचारा, त्याची काही चूक नाही. वडलांनी त्या जागेवर पेन्सिलनं बारीक खूण केली, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असले की महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि परिपत्रकं त्यांच्या भाषेत द्यायची असं ठरलेलं आहे, अल्पसंख्याक आयुक्तांच्या अहवालांत ते छापून येतं. आपल्याकडं कुठं १५ आणि कुठं किती, तुम्हीच बघा. ओझं म्हणत असाल तर ते हे. सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटेल, हा कागद तर उद्या मराठीत मिळू शकतो का नाही?

निपाणीकर

निपाणीतून रामराम. आमच्याकडं १९८१ चं तंबाखू आंदोलन अजून सांगतात, हायवेवर शेतकरी बसले होते हजारोंनी, शरद जोशी आलेले, ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी गेले. आमचे आजोबा तंबाखूवाले, ते म्हणायचे त्या आंदोलनात मराठी कोण कन्नड कोण कुणी विचारलं नाही, भाव विचारला. मला वाटतं एन. डी. सरांची चळवळ पण ह्याच मातीतली होती, कष्टकऱ्याची. त्यामुळं सीमाप्रश्नावर बोलताना त्यांच्या तोंडात समोरच्या भाषेबद्दल वाकडं नसायचं. आमचे काही पुढारी स्टेजवर चढले की पहिल्यांदा शिव्या, त्यानं टाळ्या मिळतात, पण दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत दगड कुणाच्या दुकानावर पडतो? आमच्याच.

गोकाकचा_मल्लू

नमस्कार. आमचं घर कन्नड. मराठी मी बेळगावात हॉस्टेलला शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या. मी तुमच्या मागणीच्या बाजूचा नाही, बेळगाव कर्नाटकात राहावं हेच माझं मत आहे आणि ते मी लपवत नाही. पण हा धागा सगळा वाचला. उताऱ्याचं वाचून वाईट वाटलं. आमच्या अक्कलकोटकडच्या नातेवाईकांना उलट्या बाजूनं हाच त्रास आहे, तिकडं त्यांचा कागद मराठीत, म्हाताऱ्या मामाला वाचता येत नाही. एन. डी. पाटलांचं नाव मी अंधश्रद्धा निर्मूलन समितीमुळं ऐकलं होतं, त्याचे ते अध्यक्ष होते ना? सीमेचं काम माहीत नव्हतं.

शहापूरकर_बेळगाव

हो मल्लूअण्णा, तेच ते. आणि स्पष्ट बोललात त्याबद्दल मनापासून धन्यवाद, असंच बोलत जाऊ या. तुमच्या मामांचा कागद पण त्यांना कन्नडमधे मिळायलाच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही.

कोल्हापुरी_भाचा

मी कोल्हापूरचा, आजोळ बेळगाव. आमच्याकडं एन. डी. सर म्हटलं की टोल. शहरातल्या रस्त्यांवर टोल लावला तेव्हा ऐंशी ओलांडलेला माणूस मोर्चाच्या पुढं. पाय साथ देत नव्हते, तब्येत खालावलेली, पण आंदोलन वर्षानुवर्षं रेटलं आणि २०१५ ला टोल गेला. आता नाक्यावरून गाडी न थांबता जाते तेव्हा पप्पा दरवेळी म्हणतात, सरांची कृपा. आजोळी आलो की मामा सीमाप्रश्नाचं सांगायचे आणि मला वाटायचं दोन वेगळे एन. डी. पाटील आहेत 😊 लहान होतो.

पीरनवाडी_१२३

शहापूरकर काका, उताऱ्याचं वाचलं. माझ्या आजीचं पण असंच आहे, पेन्शनच्या कागदावर अंगठा लावते, सही येते तरी, कारण कशावर सही करूलालीय ते वाचता येत नाही म्हणते. हे मी विसरलो होतो. फोटो काढणाऱ्यांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण मराठीत कागद मिळावा ह्यासाठी अर्ज कसा करायचा ते वकीलकाकांनी सांगितलं तर आमच्या गावातून मी गोळा करतो. तीसएक घरं तरी होतील.

वकीलकाका

अर्जाचा नमुना मी मराठी आणि कन्नड दोन्हीत करून इथं टाकतो, रविवारपर्यंत. ग्रामपंचायतीला एक, तहसीलदारांना एक, जिल्हाधिकाऱ्यांना एक, आणि प्रत्येकाची पोच घ्यायची, पोच घेतल्याशिवाय काऊंटर सोडायचा नाही. भांडायचं नाही, शांतपणे उभं राहायचं. कन्नड नमुना मल्लूअण्णा एकदा नजरेखालून घालाल का, माझं कन्नड कोर्टातलं आहे, गावातल्या क्लार्कला सरळ कळेल असं पाहिजे.

गोकाकचा_मल्लू

नक्की. पाठवा.

शहापूरकर_बेळगाव

त्या बी.कॉम.वाल्या पोराला मी धागा दाखवला. बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला काका, १७ जानेवारीला मला पण उठवा. मी म्हटलं सकाळी लवकर निघायचं असतं, थंडी असते, स्वेटर घालून ये.